भिंतीला गाडी टेकवून
‘अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर नुसतं गोल गोल फिरायचं, त्यात चालकाचं कसब ते काय?’ असं नासकारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणारी संस्था) शर्यतींबद्दल कोणीतरी लिहिलेलं वाचलं, अजिबात पटलं नाही. मार्टिन्सविल हा असाच अर्ध्या मैलाचा ट्रॅक; त्याची वळणं जेमतेम १२ अंश कललेली. म्हणून प्रत्येक लॅपला (फेरीला) दोनदा कचकचून ब्रेक मारावा लागतो, ब्रेक तापून लाल होतात. शेवटपर्यंत ब्रेक पुरवणं हेच कसब.

आणि तिथली ३० ऑक्टोबर २०२२ ची शर्यत कोणी काढलीच नाही? शेवटच्या लॅपला चालक रॉस चॅस्टेन दहावा, मोसमाच्या विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांतली जागा हातची जात होती. पठ्ठ्याने पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि ॲक्सिलरेटर न सोडता तशीच घासत नेली. पाच गाड्या मागे टाकल्या! लॅप १८.८४५ सेकंदांचा. पुढच्या मोसमाआधी नासकारने अशा चालीला दंड होईल असं जाहीर केलं. प्रेक्षकांच्या सुरक्षेचा विचार करता ते योग्यच. तरी तो लॅप आठवला की अजून अंगावर काटा येतो.