बॉनेटखाली एक सुटी वायर लोंबतेय, कशाची असेल?

गोदाकाठ
वॅगनआर १.० पेट्रोल, २०१२ चं मॉडेल. इंजिनाच्या खालच्या अंगाला एक वायर सुटी दिसतेय. एकेरी वायर, टोकाला फिमेल लग (पिनेवर खोचायची धातूची खोबण), त्यावर रबरी टोपी. गाडी नीट सुरू होते, चेक इंजिनचा दिवा नाही. शनिवारी कसारा घाट उतरायचा आहे. कशाची असेल? आणि दाखवायची तर नाशिकमध्ये कुणाला?

सातपूरकर
आधी टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि बेल्ट, रेडिएटर फॅन, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांपासून लांब बांधून ठेवा. शोध नंतर.

लग आणि टोपी शाबूत आहे म्हणजे उंदराचं काम नाही, वायर कुठल्यातरी पिनेवरून निसटली आहे. एकेरी वायर अशाच जागी असते जिथे अर्थ इंजिनाच्या बॉडीतून मिळतो. अशा जागा मोजक्याच: स्टार्टरचा सोलेनॉइड (सेल्फ मारताना चालणारा चुंबकी स्विच), ऑईल प्रेशर स्विच, एसी कॉम्प्रेसरचा क्लच (एसी लावला की कॉइलच्या चुंबकाने कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा भाग). गाडी सेल्फवर सुरू होतेय, म्हणजे सोलेनॉइड बाद. आता इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. ऑईलचा लाल दिवा लागतो का? वायर त्या स्विचची असेल तर तो लागणारच नाही.

रेंचपाना
एवढं कशाला? २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावा, पेटला तर लाइव्ह.

सातपूरकर
२१ वॅट म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास. वायर सेन्सरची निघाली तर एवढा करंट ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून, ओढला जाईल, आणि ईसीयू फ्यूजच्या भावात मिळत नाही. अनोळखी वायरला मल्टीमीटरच. २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर. चावी बंद, चावी ऑन, इंजिन चालू, आणि इंजिन चालू ठेवून एसी ऑन, असं चार वेळा मोजा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बाही सैल नको. फॅन न सांगता फिरतो.

इंदिरानगर_१५
पिवळ्या आवरणातल्या वायरींना मीटरही लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. बाकी नुसत्या रंगावरून ठरवू नका, मॉडेलगणिक रंग बदलतात. त्यापेक्षा लांबी बघा. हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) फांदी मापात कापलेली असते, त्यामुळे वायर न ताणता जिथवर पोचते त्याच घेरात तिची पिन असणार. टॉर्च मारून रिकामी पिन शोधा, बरेचदा ती आजूबाजूच्या तेलकट धुळीत स्वच्छ दिसते.

दाखवायचीच तर मेकॅनिकपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन बरा. द्वारका–मुंबई नाका पट्ट्यात बघा. वायर नुसती बॉडीवर टेकवून ठिणगी बघणारा असेल तर गाडी वळवा.

गोदाकाठ
ऑईलचा दिवा चावी ऑनला लागतो, सुरू झाल्यावर विझतो. वायरवर बंद ०, चावी ऑन ०, इंजिन चालू ०, एसी ऑन केल्यावर १३.९. पावसाळ्यात एसी लावलाच नव्हता, त्यामुळे गार होतोय की नाही ते कळलं नाही.

सातपूरकर
मग कॉम्प्रेसरच्या क्लचचीच. पण लगेच खोचू नका. इंजिन बंद करा, मीटर ओहमवर घ्या आणि कॉम्प्रेसरची पिन ते इंजिनाची बॉडी मोजा. साधारण ३ ते ५ ओहम आले तर क्लचची कॉइल ठीक. शून्याला टेकले तर कॉइल शॉर्ट आहे, वायर जोडताच फ्यूज जाईल. रीडिंगच आलं नाही, शून्यही नाही, तर कॉइल तुटलेली.

ठीक असेल तर पिन बारीक पॉलिश पेपरने घासा, लगच्या कडा पक्कडने हलक्या दाबा. सैल लग तापतो आणि पुन्हा निसटतो, बहुधा आधीही तेच झालं असेल. टोपी पूर्ण खाली सरकवा. नंतर एसी ऑन केल्यावर क्लचचा 'टक्' आवाज यायला हवा, आणि पुलीचा पुढचा चकतीसारखा भाग फिरायला हवा.

शनिवारच्या आधीच करून घ्या. घाटात पाऊस-धुकं लागलं की आतून काच धुरकटते, आणि ती झटपट साफ करायला एसीच लागतो.