31 चे 34 केले तर काय बिघडलं?

'द लाइफस्पॅन ऑफ अ फॅक्ट' (2012) हे पुस्तक दोनदा वाचलं, तरी डोकं शांत होत नाही. 2002 साली लास व्हेगासमध्ये 16 वर्षांच्या एका मुलानं आत्महत्या केली. त्यावर अमेरिकी लेखक जॉन डगाटांनी लेख लिहिला आणि मासिकाचे तथ्य-तपासनीस जिम फिंगल त्यातलं वाक्य न् वाक्य तपासायला बसले. पुस्तकात पानाच्या मधोमध लेख, कडेनं दोघांचा वाद. शहरातले स्ट्रिप क्लब 31, लेखात 34, कारण म्हणे लय चांगली लागते. 'पिंक' गाड्या 'पर्पल' झाल्या, कारण एक ठोका कमी पडत होता. इथवर मी सोडून दिलं. पण त्याच दिवशी शहरात आणखी एका व्यक्तीनं त्याच पद्धतीनं आत्महत्या केली होती. मुलाचं मरण त्या दिवशी तशा प्रकारचं एकमेव ठरावं म्हणून डगाटांनी तिच्या मृत्यूची पद्धतच बदलली. हा हक्क त्यांना कोणी दिला?

प्रतिसाद 1
आधी लेखनाची जात बघा. ही बातमी नाही. ललित लेख वाचताना 'त्या संध्याकाळी खरंच पाऊस होता का?' असं आपण विचारतो का? सरकारी अहवालात तो मुलगा सापडत नाही, डगाटांच्या लेखात सापडतो. मला तरी सापडला.

धागाकर्ती
ललितमधला पाऊस लेखकाच्या स्वतःच्या आठवणीतला असतो. चुकला तर त्याचा चुकला. इथे मरण दुसऱ्याचं आहे.

प्रतिसाद 2
दिवाळी अंकांचं संपादन करते. एका सालासाठी चार फोन केलेत, त्यामुळे मी फिंगलच्या बाजूची. पण पुस्तकातला पत्रव्यवहारही जसाच्या तसा नाही, तो नंतर रचून जास्त धारदार केलाय, हे दोघांनीच पुढे सांगितलं. ते कळल्यावर मला फार वाईट वाटलं. फिंगलवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

प्रतिसाद 1
पण वाद रचलेला निघाला म्हणून त्यातले प्रश्न खोटे ठरले का? आपण आत्ता त्यांवरच भांडतोय.

धागाकर्ती
प्रश्न खरेच आहेत, हे मान्य. तुमचा पाऊसही मान्य, 34 क्लबसुद्धा एक वेळ चालतील. पण त्या दुसऱ्या व्यक्तीच्या घरच्यांसमोर बसून हा लेख मोठ्यानं वाचता येईल का तुम्हाला?

प्रतिसाद 1
नाही. तेवढा परिच्छेद मला वाचता येणार नाही.