टर्बो गाडीचा सुटलेला व्हॅक्यूम पाइप: कोणी, कसा शोधला?

गाडी ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर टर्बोच्या नावाने कोड आणि हातात टर्बो बदलायचं एस्टिमेट. मग कोणीतरी बोनेटमध्ये हात घालतो आणि पेन्सिलपेक्षा बारीक रबरी पाइप सुटून लोंबताना सापडतो. हा किस्सा इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की म्हटलं, एक अनुभव धागाच काढू. लक्षण काय होतं आणि शोध कुठून सुरू केला, ते जरूर लिहा. नुसतं 'पाइप बसवला, झालं' नको. कंपनीचं नाव नसलं तरी चालेल, पण पेट्रोल की डिझेल ते सांगा, कारण सगळी गोम तिथेच आहे. पेट्रोलमध्ये आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू) मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, व्हॅक्यूम तयार होतो आणि टर्बोने हवा भरली की त्याच जागी प्रेशर येतं. डिझेलला तो फुकटचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो, बहुतेकदा कॅमशाफ्टवर चालणारा. ब्रेक दाबायला जोर देणारा ब्रेक बूस्टर आणि बऱ्याच गाड्यांत टर्बोचा अ‍ॅक्च्युएटरही (टर्बोचा दांडा हलवणारी डबी) त्याच्याच जिवावर.

घाटमाथा

डिझेल, व्हीजीटी टर्बो (आतली पाती हलवून हवेचा दाब कमी-जास्त करणारा). पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलो आणि तिसऱ्यातही गाडी दम धरेना. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जातायत, ही नामुष्की वेगळीच. बंद करून चालू केली तरी तेच. ब्रेक मात्र नेहमीसारखा मऊ लागत होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडलं.

वाईला ज्या मिस्त्रीकडे गेलो त्याने स्कॅनर लावला, पी ०२९९ आला, म्हणजे बूस्ट, टर्बो भरतो तो हवेचा दाब, कमी. त्याने स्कॅनर बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, "दादा, आत बसा, मी सांगितलं की स्टार्टर मारा." स्वतः टॉर्च घेऊन टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरचा दांडा बघत उभा. इंजिन चालू होताच व्हॅक्यूमने तो दांडा चांगला सेंटिमीटरभर तरी ओढला जायला हवा. आमचा ढिम्म.

मग त्याने अ‍ॅक्च्युएटरवरचा पाइप काढून हातपंप जोडला, दोन-चारदा दाबला. दांडा सुळकन आत गेला आणि दाबणं थांबवल्यावरही पंपाचा काटा खाली आला नाही. म्हणजे अ‍ॅक्च्युएटरमधला रबरी पडदा (डायफ्रॅम) शाबूत, दांडा अडकलेला नाही, टर्बोवरचा निम्मा संशय तिथेच गेला. ब्रेक ठीक, म्हणजे व्हॅक्यूम पंपही ठीक. उरलं मधलं: सोलेनॉइड व्हॉल्व्ह (टर्बोकडे किती व्हॅक्यूम जाईल ते ठरवणारी विजेची झडप) आणि त्याचे पाइप. पंपाकडून सोलेनॉइडला येणाऱ्या पाइपावर बोट ठेवलं तर चटकन चिकटलं. सोलेनॉइडकडून टर्बोकडे जाणारा पाइप मात्र एअर फिल्टरच्या डब्याखाली जाऊन गायब. डबा उचलल्यावर दिसलं: प्लॅस्टिकच्या जोडावरून पाइप निसटलेला, टोक तापून कडक, चकचकीत आणि तुतारीसारखं फाकलेलं. त्याआधीच फिल्टर बदलला होता, तेव्हा डबा ओढताना तो निघाला असणार. मिस्त्रीने फाकलेलं टोक कापून उरलेला पाइप पुन्हा बसवला आणि "पुण्याला गेल्यावर अख्खा नवा टाका" म्हणाला. परतीच्या वाटेवर गाडी नवी घेतल्यासारखी पळत होती.

देवगडकर

माझी पेट्रोल टर्बो. आयडलला आरपीएमचा काटा खालीवर नाचायचा, सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची, पण पळताना काही तक्रार नाही. कोड पी ०१७१, मिश्रण पातळ. आयडलला मोजणीबाहेरची हवा आत शिरली की असंच होतं. पावसाळ्यात गाडी पडवीत उभी असते, त्यामुळे माझा पहिला संशय उंदरावर. बोनेट उघडलं तर इंजिन कव्हरवर त्याचा पुरावाही पडलेला होता! उदबत्ती पेटवून धूर एकेका पाइपाजवळ नेला. पर्ज व्हॉल्व्हच्या (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडणारी झडप) पाइपाजवळ धुराची रेघ वाकून सरळ आत. खालच्या अंगाला कुरतडलेला, वरून बघून कळलाच नसता. रेडिएटरचा फॅन लागायच्या आत करा, नाहीतर धूर कुठेही जातो.

गॅरेजवाला नाशिक

देवगडकर, युक्ती बरोबर पण पेट्रोल गाडीत पेटती उदबत्ती मी कोणाला सुचवणार नाही, त्यातून पर्जच्या पाइपात टाकीच्याच वाफा असतात. कार्ब क्लीनरचे फवारे मारून आरपीएम चढतो का बघतात, तेही गरम इंजिनावर नको. स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा. अगदी कमी दाबाने धूर भरतात, जिथून बाहेर येईल तिथे गळती. इंटरकूलरकडच्या मोठ्या होजला साबणाचं पाणी चालतं, कारण तिथे प्रेशर असतं, हवा बाहेर येते आणि बुडबुडे दिसतात. व्हॅक्यूमच्या पाइपावर साबण लावून काही दिसणार नाही.

एकटा स्वार

आमच्याकडे उलटा प्रकार. पेट्रोल, जुन्या पद्धतीचा वेस्टगेट (दाब वाढला की जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप). गाडी नेहमीपेक्षा जास्तच पळायची, मग एकदम झटका देऊन मेलेली. पी ०२३४, ओव्हरबूस्ट. वेस्टगेट उघडायला लागणारं प्रेशर नेणारा छोटा पाइप निघाला होता, त्यामुळे वेस्टगेट उघडेचना. "काय पिकअप आलाय" म्हणून मित्र खूश होते.

माहेरवाशीण

पॉवरचं नंतर बघा, ब्रेक आधी बघा. माझ्या गाडीचा पेडल दगड झाला होता आणि पायाजवळून फुस्स आवाज यायचा. तपासायला सोपं: इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाचदा दाबा, कडक झाला की तसाच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडा खाली गेला पाहिजे. माझा गेला नाही. टोइंग मागवलं, चालवत नेली नाही.

गॅरेजवाला नाशिक

हे छान सांगितलंत. अजून दोन गोष्टी. पाइप नवा टाकताना नुसता आतला व्यास जुळवू नका, भिंतही जाड हवी. बाजारातला पातळ सिलिकॉन पाइप व्हॅक्यूममध्ये चपटा होतो आणि मग सुटलेला नसूनही सुटल्यासारखाच वागतो. आणि पेट्रोल गाडीला गेज लावलं तर मुंबईत आयडलला साधारण १८ ते २० इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दिसेल, तीच गाडी महाबळेश्वरला नेली तर उंचीमुळे चारेक इंच कमी. तिथे गळती शोधत बसू नका.

नवखा_डिझेल

प्रश्न विचारला तर चालेल का? डिझेल, सकाळी उत्तम, अर्ध्या तासाने ओढायची बंद. सगळे पाइप जागेवर आहेत, हाताने ओढून बघितले.

गॅरेजवाला नाशिक

गार इंजिनावर ओढून बघितलेत ना? गरम झाल्यावर रबर ढिलं पडतं आणि चीर उघडते. पाइपात टी आकाराचा जोड लावून व्हॅक्यूम गेज काचेपर्यंत आणा आणि ओढायची बंद होईस्तोवर चालवा; काटा शेजारच्याने बघायचा, तुम्ही नाही. काटा पडला तर पंपापासून पुढे एकेक फांदी चिमटून बंद करा, ज्या फांदीवर काटा वर येईल ती धरायची. काटा टिकला तर सोलेनॉइड बघा, त्याच्या हवा घेणाऱ्या तोंडाला छोटा फिल्टर असतो, तोही चोंदतो.

नवखा_डिझेल

शनिवारी भावाला शेजारी बसवून निघतो. आकडे इथेच टाकतो.