कॅव्हेंडिश केळीतला ‘कॅव्हेंडिश’ नक्की कोण?

रावेरचा_केळीवाला: नमस्कार मंडळी. यंदा जी-नाइन जातीच्या केळीची टिश्यू कल्चरची रोपं घेतली, नर्सरीच्या पत्रकावर ‘कॅव्हेंडिश गट’ असं छापलंय. मुलगी म्हणते हे ड्यूक ऑफ डेव्हनशायर घराण्याचं आडनाव आहे. पण नकाशात बघितलं तर यांचा चॅट्सवर्थचा वाडा डर्बीशायरमध्ये, डेव्हन तिथून कुठच्या कुठे. हे कसं काय?

बखरवाचक: किताबाचं नाव आणि जमीन एकाच जागी असलीच पाहिजे असं तिकडे नाही. डर्बीशायर हे खरं तर बेस ऑफ हार्डविकचं माहेर, तिने नवऱ्याला, म्हणजे सर विल्यम कॅव्हेंडिशला, तिकडे आणलं आणि 1549 मध्ये 600 पौंडात चॅट्सवर्थ घेतलं. पुढे त्यांच्या मुलाने 1618 मध्ये राजा पहिल्या जेम्सला 10,000 पौंड मोजून अर्ल ऑफ डेव्हनशायर पद मिळवलं. डर्बीचं नाव मिळणार कसं, तो किताब 1485 पासून स्टॅन्ली घराण्याकडे होता ना. ड्यूक झाले ते 1694 मध्ये, 1688 मध्ये विल्यम ऑफ ऑरेंजला हॉलंडहून इंग्लंडला बोलावणाऱ्या (तोच पुढे राजा झाला) सात जणांत चौथे अर्ल होते त्याचं ते फळ. माझ्या मते या घराण्याची खरी कर्ती बाई बेसच, तिच्याशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं.

बागकामवेडी: केळीचं मी सांगते. सहाव्या ड्यूकचा हेड गार्डनर जोसेफ पॅक्स्टन, 1826 ला कामावर आला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा पोरगा. त्याने मॉरिशसकडून आलेलं केळीचं बुटकं झाड काचघरात लावलं, चिखलमाती, पाणी, ऊब सगळं जपलं आणि 1835 च्या नोव्हेंबरात कमळ (केळफूल) बाहेर पडलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शंभरावर केळी. इंग्लंडच्या त्या थंडीत! जातीला मालकाचं आडनाव दिलं. तुमची जुनी बसराई म्हणजे तीच ड्वार्फ कॅव्हेंडिश, आणि जी-नाइन त्याच गटातली. ड्यूकने लग्न केलं नाही, म्हणून 1858 मध्ये किताब चुलत घराकडे गेला.

बखरवाचक: आणि पुढचं ऐकून वाईट वाटतं. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा 1944 मध्ये बेल्जियममध्ये लढाईत गेला, त्याची बायको कॅथलीन म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची बहीण, ती 1948 मध्ये विमान अपघातात. ड्यूकने मालमत्ता धाकट्याच्या नावाने करून ठेवली होती, कर टाळायचा तर कायद्याने त्यानंतर पाच वर्षं जगायला हवं होतं, पण 1950 च्या नोव्हेंबरात ते वारले, काही आठवडे कमी पडले आणि 80 टक्के वारसा कर बसला. त्या करापोटी बेसने बांधलेला हार्डविक हॉल गेला, 1959 पासून तो नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

रावेरचा_केळीवाला: आभार दोघांचे. आमच्या आजोबांनी आयुष्यभर बसराईच लावली, कमळ निसवलं की आम्हाला हाक मारून दाखवायचे. उद्या लागवड आहे, मुलीला बांधावर बसवून हे सगळं सांगतो.