मदत हवी आहे: १.बी४ मध्ये ई५ वरच्या उंटाचं काय करावं?

नमस्कार मंडळी. बुद्धिबळात पांढऱ्या सोंगट्यांनी मी सध्या १.बी४ (पहिल्याच चालीला बी-प्यादं दोन घरं पुढे) म्हणजे ओरांगउटान ओपनिंग खेळतोय. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा जो ग्रुप खेळतो, त्यांना आता ती चांगलीच पाठ झालीय. सगळे एकच उत्तर देतात (× म्हणजे मारणं; प्रत्येक आकड्यानंतर आधी माझी, मग काळ्याची चाल):

१.बी४ ई५ २.उंट बी२ उंट×बी४ ३.उंट×ई५ घोडा एफ६ ४.सी४ कॅसलिंग (राजा हत्तीच्या बाजूला सुरक्षित नेणं) ५.ई३ डी५ ६.सी×डी५ घोडा×डी५ ७.घोडा एफ३ हत्ती ई८

इथे मी अडकतो. ८.उंट बी२ केलं की काळ्याचा घोडा सरळ एफ४ वर येऊन बसतो. ई३ चं प्यादं राजासमोर बांधलेलं (हललं तर ई८ च्या हत्तीचा राजाला शह), त्यामुळे त्याने घोडा मारता येत नाही, आणि जी२ वर डोळा असतोच. ८.उंट ई२ केलं तर हत्ती×ई५, घोडा×ई५, वजीर एफ६. आता घोडा हलवला की ए१ चा हत्ती उघडा पडतो.

ग्रँडमास्टर तार्ताकोवरचा न्यूयॉर्क १९२४ स्पर्धेतला याच ओपनिंगचा डाव पाहिला, पण समोरच्या मारोत्सीने ई५ ऐवजी १...घोडा एफ६ खेळल्यामुळे तो इथे उपयोगी नाही. इंजिनही (चाली सुचवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं. चाली दाखवतं, पण दहा मिनिटांच्या डावात त्या मला सुचणं अवघड आहे.

ओपनिंग बदलायची नाही, ही मनापासून आवडते. कॉम्प्युटर-लाईन नको, लक्षात राहील असा प्लॅन हवाय. आठव्या चालीला तुम्ही काय खेळता? की चौथ्याच चालीला सी४ ऐवजी घोडा एफ३ खेळून, आधी कॅसलिंग उरकून घ्यावं?