खातं गोठवायला आधी कोर्टाची परवानगी लागावी का?

तलावपाळी:
ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखानदाराचं चालू खातं परराज्यातल्या पोलीस ठाण्याच्या एका ईमेलवर बंद पडू शकतं. त्याला नोटीस आलेली नसते, कोर्टाचा आदेश नसतो, त्याच्यावर गुन्हाही नसतो. फसवणुकीतला पैसा तीन-चार हात फिरून त्याच्या गिऱ्हाइकाकडे पोचला आणि गिऱ्हाइकाने त्यातून बिल चुकतं केलं, एवढं पुरतं.

हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मधून येतो. १ जुलै २०२४ च्या आधी तेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं. कलमाची घडण चोरीच्या मालाच्या जप्तीसाठी आहे. बँक खातं हीसुद्धा 'मालमत्ता' असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तापस नियोगी प्रकरणात ठरवलं, तेव्हापासून खाती त्यात आली. सायकल जप्त झाली तर माणूस चालत जातो. खातं गोठलं तर पगार, कर्जाचा हप्ता, वीजबिल सगळं एकाच दिवशी थांबतं.

माझी मागणी अशी. पहिले ७२ तास पोलिसांनी स्वतःच्या अधिकारात रक्कम अडवावी. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश नसेल तर अडवणूक आपोआप सुटावी. अडवायची ती वादातली रक्कम, अख्खं खातं नव्हे. आणि खातेदाराला त्याच दिवशी तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाणं आणि रक्कम लेखी कळवावी. विरोध जरूर करा, फक्त प्रक्रिया धरून बोला.

आकडेमोड:
७२ तासांना ठाम विरोध. आधी आकडे पाहू. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार सायबर फसवणुकीत लोकांनी २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हा आकडा ७,४६५ कोटी होता. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि तिच्यामागच्या यंत्रणेने तोवर अडवलेली एकूण रक्कम ५,४८९ कोटींच्या आसपास, तक्रारी जवळपास १७.८२ लाख. म्हणजे हाती लागतं ते फार थोडं, आणि जे लागतं ते फक्त वेगामुळे.

१९३० वर फोन आल्यावर काय होतं तेही बघा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि खाते क्रमांक टाकून तिकीट तयार होतं, ते तक्रारदाराच्या बँकेच्या पटलावर जातं. बँक बघते की पैसा कुठे गेला. पुढच्या खात्यात शिल्लक असेल तर तिथली बँक तेवढ्या रकमेवर लीन लावते, म्हणजे तेवढीच रक्कम अडवून ठेवते. शिल्लक नसेल तर ती बँक पुढचं खातं नोंदवते आणि तिकीट पुढे सरकवते. दहा लाख रुपये आयएमपीएसने दोन फटक्यांत निघतात, कारण एका व्यवहाराची मर्यादा पाच लाख आहे. तिथून ते भाड्याने घेतलेल्या पाच-सात खात्यांत वाटले जातात, मग एटीएम, चेक किंवा क्रिप्टो. हा सगळा प्रवास अर्ध्या तासातही होतो. साखळीत पाच-सहा बँका असतील आणि तक्रार शनिवारी संध्याकाळी झाली असेल, तर केवायसी आणि खाते उतारे जमेपर्यंतच तुमचे ७२ तास उलटतात. त्यानंतर अडवणूक आपोआप सुटली, तर पैसा मंगळवारी रात्रीच गायब.

आणि त्याच दिवशी कळवण्याबद्दल. पैशाच्या साखळीत चौथ्या टप्प्यावरचा, म्हणजे चौथ्या हातातला, खातेदार निष्पाप असू शकतो. पहिल्या टप्प्यावरचा बहुतेक वेळा नसतो. त्याला पत्र पाठवणं म्हणजे उरलेली खाती रिकामी करायला सांगणं.

दाणाबंदर:
चौथ्या टप्प्याबद्दल एका ओळीत बोलून पुढे जाऊ नका, सगळी अडचण तिथेच आहे. वाशीच्या बाजारसमितीतला आडत्या घ्या. दिवसाला त्याच्या खात्यात खरेदीदारांचे चाळीस-पन्नास यूपीआय आणि आरटीजीएस येतात. पाठवणाऱ्याकडे पैसा कुठून आला हे तपासायचं कोणतंही साधन त्याच्याकडे नाही. त्यातला एक साडेआठ हजारांचा व्यवहार डागी निघाला आणि शाखेने अख्ख्या खात्यावर डेबिट फ्रीझ टाकलं, म्हणजे पैसे बाहेर जाणंच बंद केलं, तर शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे पैसे), हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं अडकतं. जुन्नरच्या शेतकऱ्याचा या गुन्ह्याशी काय संबंध?

लीन आणि फ्रीझ यांतला फरक बँकेच्या संगणक प्रणालीत आधीपासून आहे. साडेआठ हजारांवर लीन लावायचा, बाकी खातं चालू ठेवायचं; लीन लावताना रक्कम भरायचा रकाना समोर असतोच. तरी अख्खं खातं बंद होतं, कारण पोलिसांच्या पत्रात 'खाते गोठवावे' एवढंच लिहिलेलं असतं, रक्कम नसते. शाखेतला अधिकारी विचार करतो, कमी अडवलं तर जबाब मला द्यावा लागेल, जास्त अडवलं तर कुणी विचारणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच वादातल्या रकमेपुरतीच अडवणूक ठेवायला सांगितलं. ते कलमात लिहिलेलं नसल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्रपणे उच्च न्यायालय गाठावं लागतं.

आकडेमोड:
रकमेपुरता लीन, हे मान्य. पत्राच्या नमुन्यात रकमेचा रकाना सक्तीचा करा, रक्कम नसेल तर बँकेने पत्र परत पाठवावं. त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही.

कोर्टनाका:
नमुन्याने भागणार नाही. मुळात कोणत्या कलमाखाली काय चाललंय याचाच गोंधळ आहे, त्यामुळे तीन कलमं वेगळी करून सांगतो.

कलम ९४, म्हणजे जुनं ९१. हे कागदपत्रं आणि माहिती मागवण्याचं कलम. खात्याचा उतारा, केवायसी, आयपी लॉग यांसाठी. या कलमाखाली खातं गोठवता येत नाही. तरीही अनेक पत्रांच्या डोक्यावर ९४ किंवा ९१ लिहिलेलं असतं आणि मजकुरात मात्र खातं बंद करण्याची सूचना असते. बँकेने तिथेच हरकत घ्यायला हवी. क्वचितच घेतली जाते.

कलम १०६. चोरीची किंवा गुन्ह्याचा संशय निर्माण करणारी मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार. पोटकलम ३ म्हणतं की जप्ती न्यायदंडाधिकाऱ्यांना 'तत्काळ' कळवा. तत्काळ म्हणजे किती तास, हे लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये शेंटो वर्गीस प्रकरणात सांगितलं की कळवायला उशीर झाला म्हणून जप्ती आपोआप बेकायदा ठरत नाही. उशीर का झाला ते अधिकाऱ्याने सांगावं. हा निकाल खाती गोठवण्याच्याच प्रकरणात आलेला आहे. थोडक्यात, वेळ पाळली नाही तरी जप्ती टिकते.

कलम १०७ नवीन आहे. गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेवर टाच आणण्यासाठी. इथे तपास अधिकाऱ्याला पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांची मंजुरी घेऊन कोर्टात अर्ज करावा लागतो. कोर्ट १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढतं, दोन्ही बाजू ऐकतं. पैसा गुन्ह्यातलाच ठरला तर जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत तो फसवल्या गेलेल्यांमध्ये प्रमाणात वाटायचा.

आता खातेदाराच्या बाजूने बघा. खातं ठाणे शहरात, तक्रार दुसऱ्या राज्यात. खातं मोकळं करायला कलम ५०३ खाली अर्ज करायचा, तो जिथे गुन्हा नोंदला तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. ठाण्यातल्या कोर्टनाक्यावर अर्ज देऊन उपयोग नाही. अर्जासोबत लागतं ते असं: बँकेचं पत्र, ज्यात पोच क्रमांक आणि पोलीस ठाणं असेल, वादातल्या व्यवहाराचं बिल किंवा चलन, जीएसटी विवरण, सहा महिन्यांचा उतारा, रक्कम परत करण्याची वेळ आल्यास भरू असं बंधपत्र. मग पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जातो, तो आला नाही की पुढची तारीख. आणि जप्ती कोर्टाला कळवलीच नसेल, तर कोर्टाच्या दप्तरी काहीच नसतं. आणि एवढं करून खर्च किती? साडेआठ हजारांसाठी परराज्यात वकील उभा करायचा खर्च त्याहून जास्त. म्हणून लोक अर्ज करत नाहीत. अन्यायाविरुद्ध दाद मागणाऱ्यांची संख्या कमी दिसते ती त्यामुळे, अन्याय कमी आहे म्हणून नव्हे.

आकडेमोड:
१०७ खाली जायचं तर आयुक्तांची सही येईपर्यंत पैसा दुबईला पोचलेला असतो, आणि १४ दिवसांची नोटीस म्हणजे चोराला १४ दिवस.

कोर्टनाका:
पोटकलम ५ वाचा. नोटीस दिल्याने हेतूच विफल होणार असेल तर कोर्ट एकतर्फी अंतरिम आदेशाने टाच आणू शकतं. चोराला १४ दिवस मिळतातच असं नाही. सहीला वेळ लागतो हे खरं, म्हणूनच तलावपाळी पहिले ७२ तास पोलिसांकडे ठेवायला तयार आहेत.

आणि एक प्रश्न तुम्हालाच. १०६ खाली गोठवलेला पैसा फसवल्या गेलेल्या माणसाला कधी मिळतो? तोही पडूनच असतो. त्यालाही बहुतेकदा कोर्टातूनच परत घ्यावा लागतो. घणसोलीतल्या निवृत्त शिक्षिकेचे आठ लाख सहा बँकांत तुकड्या-तुकड्यांनी अडवून ठेवले, तर सहा तुकड्यांसाठी तिने अर्ज करायचा. १०७ मध्ये वाटपाची तारीख आहे. १०६ मध्ये ना तिच्यासाठी आहे ना आडत्यासाठी.

सानपाडा_हिशेब:
कोर्टनाका, वाटपाचा मुद्दा पटला. पण या चर्चेत तपास यंत्रणा सगळीकडे संशयित ठरतेय, ते चुकीचं. आर्थिक गुन्ह्याचा पुरावा आज कपाटात नसतो. बोगस बिलांचं रॅकेट घ्या: हिशेबाची खरी फाइल क्लाऊडवर, रोखीच्या सूचना मोबाईलवरच्या गटात, संचालक म्हणून कुणाच्या तरी ड्रायव्हरचं नाव. झडतीचं पथक दारात उभं असताना दुसऱ्या शहरातून कुणीतरी डेटा पुसू शकतं. म्हणूनच आयकर अधिनियम २०२५ मध्ये ईमेल, समाजमाध्यमं, क्लाऊड, ऑनलाइन गुंतवणूक खाती यांना 'आभासी डिजिटल जागा' म्हटलंय, आणि कलम २४७ मध्ये पासवर्ड मिळाला नाही तर तो ओलांडून आत जायचा अधिकार दिलाय. आभासी तिजोरी फोडण्याचा अधिकार नाकारायचा आणि लोखंडी तिजोरी फोडण्याचा ठेवायचा, यात तर्क नाही.

पारसिक:
तिजोरीचा दाखला इथे लागू होत नाही. तिजोरीत रोकड आणि कागद असतात. फोनमध्ये बायकोशी झालेलं भांडण, डॉक्टरांचे रिपोर्ट, मुलांचे फोटो, वकिलाला विचारलेला सल्ला, सगळं असतं. कपाट उघडणारा अधिकारी दुसऱ्या खोलीत जात नाही; फोन उघडला की खोल्या संपतच नाहीत. झडतीत काय बघायचं, त्याची सीमा कलमात नाही.

शिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदी दाखवण्याची सक्ती १९६१ च्या आयकर कायद्यात २००२ पासूनच होती, आणि ती न पाळणाऱ्याला कलम २७५बी खाली दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मग कुलूप ओलांडायचा अधिकार कशासाठी? २०१७ च्या वित्त अधिनियमाने तर झडतीमागचं 'मानण्यास कारण', म्हणजे संशय कशावरून आला ते, कोणत्याही प्राधिकरणाला किंवा न्यायाधिकरणाला सांगायचं नाही असं ठरवलं, आणि तेही १९६२ पासून पूर्वलक्ष्यी. ज्याच्या घरी झडती झाली त्याला कारण कळत नाही आणि अपीलातही ते समोर येत नाही.

आणि हे संसदेत कसं झालं? आयकर विधेयकावर निवड समितीने अहवाल दिला, जुनं विधेयक मागे घेतलं, नवं ११ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलं आणि बिहारच्या मतदारयाद्यांवरून चाललेल्या गदारोळात त्याच दिवशी चर्चेविना मंजूर झालं. नागरिक सुरक्षा संहिता डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित होते. 'तत्काळ' म्हणजे किती तास, हा प्रश्न विचारायची जागा तीच होती.

सानपाडा_हिशेब:
चर्चा व्हायला हवी होती, यात दुमत नाही. पण २७५बी ची भीती वीस कोटी लपवणाऱ्याला वाटत नाही. दोन वर्षांची शिक्षा लागेल की नाही ते दहा वर्षांनी ठरणार. पुरावा आज जातो. कारणांबद्दल: ती उच्च न्यायालयापासून लपवता येत नाहीत, रिट याचिकेत कोर्ट फाइल मागवून बघतं.

पारसिक:
बघतं, झडती होऊन गेल्यावर. फोन टॅपिंगमध्ये निदान गृहसचिवांचा आधी लेखी आदेश आणि नंतर पुनर्विलोकन समिती आहे. तिथेही मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात लाचखोरीच्या तपासातले टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न तिथे नव्हता. पैशाचा गुन्हा गंभीर आहे एवढ्यावर खासगीपण संपत नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाची कसोटी हीच: कायदा हवा, गरज हवी, आणि उपाय गरजेच्या मापाचा हवा.

तलावपाळी:
आयकराचा धागा वेगळा चालवूया, तो मोठा आहे. आकडेमोड यांचा शनिवार-रविवारचा मुद्दा मला पटला. ७२ तासांऐवजी पाच कामकाजाचे दिवस. पण घड्याळ लीन लागल्यापासून सुरू व्हावं, पोलिसांनी फाइल उघडल्यापासून नाही. आणि पहिल्या टप्प्यावरच्या खात्याला कळवणं पाच दिवस लांबवायलाही तयार आहे, तिसऱ्या टप्प्यापासून पुढे मात्र त्याच दिवशी.

आकडेमोड:
टप्प्यानुसार वेगळा नियम, हे चालण्यासारखं आहे. तिकिटात टप्पा नोंदलेलाच असतो. पण आपोआप सुटणं नको. मुदत संपली की बँकेने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं आणि लीन त्यांच्या आदेशापर्यंत राहावा. पोलिसांच्या चुकीची शिक्षा फसवल्या गेलेल्या बाईला का?

दाणाबंदर:
मग तीच शिक्षा आडत्याला का? बँकेने कळवल्यावर कोर्टाने किती दिवसांत आदेश द्यायचा, ती तारीख घाला. तेवढी घातलीत तर रकमेपुरता लीन त्या तारखेपर्यंत राहिला तरी बाजार चालेल.