आक्राचा जाहीरनामा: बायबलच्या कव्हरात मार्क्स?

टेमाकर:
काल इथे एकाने लिहिलं की २००४ ला घानात, आक्रामध्ये रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट) चर्चवाल्यांनी जागतिकीकरणाविरुद्ध जो जाहीरनामा काढला तो म्हणजे बायबलच्या कव्हरात मार्क्स. डोकंच फिरलं. मी आक्राजवळच्या टेमाला तीन वर्षं नोकरी केलीय, घानाच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला बघितलाय. खाली गुलामांच्या कोठड्या, हात लावला तर भिंत अजून ओलसर लागते, आणि वर डचांचं प्रार्थनाघर. डच म्हणजे याच रिफॉर्म्ड पंथाचे! जाहीरनामावाले आधी तो किल्ला बघून आले होते. आपल्याच घराण्याचं पाप कबूल केलं त्यांनी, यात मार्क्स कुठून आला?

खवचट काका:
कालचा तो मीच. डचांनी किल्ला घेतला १६३७ ला, त्याचं बिल आजच्या बाजाराच्या नावावर कशाला? आणि माणसं पकडून किनाऱ्यावर आणून विकणारे तिथलेच सरदार होते, त्यांचा जाहीरनामा कुठाय?

नगरी:
काका, दक्षिण आफ्रिकेतलं गोरं सरकार पण बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय १३ दाखवून सांगायचं, सत्ता देवाने नेमलेली, गप बसा. तिथल्याच ख्रिस्ती धर्मपंडितांनी काढलेल्या १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाने तेच फाडलं. आणि आमच्या आजोबांना तर इथल्या देवळातही, म्हणजे चर्चमध्येही, मागचा बाक होता, ख्रिस्ती झाले तरी जात मागे मागे आलीच, त्यामुळे धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा वगैरे आम्हाला सांगू नका.

खवचट काका:
शोषणाचं इतकं कळतं ना घानावाल्यांना, मग २०१८ ला आक्रातल्या लेगॉनच्या विद्यापीठातून गांधींचा पुतळा का हलवला?

नगरी:
तरुण गांधींनी दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांबद्दल काय लिहिलंय ते वाचा आधी.

खवचट काका:
वाचलंय! माणूस बदलतो. १९०६ ला जोहान्सबर्गमध्ये सत्याग्रह कुणी सुरू केला?

नगरी:
तिथल्या भारतीयांसाठी केला. काळ्यांसाठी नाही.

खवचट काका:
म्हणजे आता महात्म्यालाही तुमच्याकडून सर्टिफिकेट घ्यायचं!

टेमाकर:
अहो पुतळा २०१६ ला आपण नेऊन बसवला, त्यांचं अंगण, त्यांनी काढला. मूळ मुद्द्यावर या, जागतिकीकरणावर. २००३ मध्ये घानाच्या संसदेने बाहेरून येणाऱ्या कोंबडीवरचा कर २० वरून ४० टक्के केला आणि नाणेनिधीशी बोलणी झाल्यावर काही आठवड्यांतच गुंडाळला. माझ्या घरमालकिणीच्या भावाची पोल्ट्री होती. मी गेलो तेव्हा शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या, आणि बाजारात युरोप-ब्राझीलचे फ्रोजन लेगपीस.

खवचट काका:
बरं बाबा, कोंबडीचं मान्य. तेवढंच. तू तिथे कुठलं चिकन खायचास?

टेमाकर:
लेगपीसच. स्वस्त पडायचं.